पाणी उतरल्यानंतरची पूजा

कृष्णा-पंचगंगेला पूर आला की नृसिंहवाडीत दक्षिणद्वार सोहळा होतो. देवळात शिरलेलं पाणी महाराजांच्या मनोहर पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि त्या पाण्यात स्नान करायला गावोगावची माणसं धावतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलवतात, पूजा-आरती तिथं चालते. २००५, २०१९, २०२१ या सालांत तर घराघरांत पाणी शिरलं, लोकांना गाव सोडावं लागलं. या सगळ्याची छायाचित्रं छापून येतात. मला मात्र त्यानंतरचे दिवस अधिक विचार करण्याजोगे वाटतात. पाणी ओसरतं, मागे गाळ राहतो. तो उपसायचा, फरशी धुवायची, समया-उपकरणी घासायची आणि मग पुन्हा जागच्या जागी काकड आरती, अभिषेक, महापूजा, शेजारती. त्या दिवसाचा फोटो कुणी काढत नाही. पण तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो एवढंच म्हणेल, "आता कसं बरं वाटलं."

हे 'बरं वाटणं' म्हणजे नेमकं काय? भक्ती म्हणावी की नुसती सवय?

शास्त्रानं कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे प्रकार केले. त्यातल्या नित्यकर्माविषयी मीमांसकांनी सांगितलेली गोष्ट मोठी मौजेची आहे. ते केल्यानं वेगळं असं फळ नाही, न केलं तर मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष. तरुणपणी मला हा शुद्ध तोट्याचा व्यवहार वाटे. पुढं कळलं की अनुभवही तसाच आहे. रोजची पूजा रोज घडत असते तेव्हा तिचं काही विशेष वाटत नाही. ती खंडली की आत काहीतरी हलतं.

चार वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. सुतकात आमच्या देवांवर शेजाऱ्यांनी पाणी घातलं. तेरावा आटोपला, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी मी पूजेला बसलो. ताम्हन, पळी-पंचपात्री, सहाण, सगळं हाताला आपोआप सापडत होतं. गंध उगाळताना जाणवलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच श्वास नीट चालला आहे. आणि लगेच टोचणीही लागली. इतक्यात? जिच्याबरोबर चाळीस वर्षं काढली, तिच्यामागे दोन आठवड्यांत आपल्याला बरं वाटायला लागलं?

या प्रश्नाला मी पुष्कळ दिवस चिकटून होतो. उत्तर मिळालं ते पूजेतच. आमच्याकडे फुलं आणायचं काम तिचं. परसातली तगर, कण्हेर, मिळाला तर चाफा. तबक ती माझ्या उजव्या हाताला ठेवी. आता फुलं मीच तोडतो, तरी हात उजवीकडे जातो आणि क्षणभर थांबतो. म्हणजे मी परतलो तो जुन्या दिनक्रमात नव्हेच. त्या तेरा दिवसांत माणसांची ये-जा होती, बोलणं होतं, विधी होते, पण त्या गर्दीत ती कुठेच नव्हती. पूजा सुरू झाली आणि तिची उणीव नेमक्या जागी, रोज एका ठरावीक वेळी दिसू लागली. बरं वाटलं ते विसरल्यामुळे नव्हे. दुःखाला बसायला पाट मिळाला, म्हणून.

कुणी म्हणेल, ही आसक्तीच झाली. दत्तभक्तानं अवधूताकडे बघावं, ज्याला ना घर ना दार. बरोबर आहे. पण त्या अवधूताचा दिनक्रम बघा! स्नान काशीला, जप कोल्हापुरास, भिक्षा माहुरास, निद्रा सह्याद्रीवर. (स्थळांची थोडी अदलाबदल परंपरेत आहे, पण क्रम आहेच.) ज्याला घर नाही त्यालाही नेम आहे. श्रीनृसिंहसरस्वती वाडीला बारा वर्षं राहिले आणि गाणगापुरी गेले. नद्या बदलल्या, तिथं भीमा-अमरजेचा संगम. संगमावरचं अनुष्ठान आणि गावात येऊन मागितलेली भिक्षा मात्र चालू राहिली. जागा सुटली, नेम सुटला नाही.

आपलं पुष्कळदा उलटं होतं. आपण जागेला, वेळेला, आंघोळीच्या पाण्याला धरून बसतो. नातवंडांच्या शाळेच्या गडबडीत गीझर दहा मिनिटं मोकळा मिळाला नाही की सोवळ्यातल्या आजोबांचा पारा चढतो, आणि मग सगळं घर दबकून वावरतं. हा नेम नव्हे, हा हेका. ज्या पूजेला बसण्याआधी सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, ती पूजा कुणाची, हे ज्यानं त्यानं आपल्याशी पाहावं.

गेल्या पावसाळ्यात मुलाकडे पुण्याला तीन महिने होतो. स्वयंपाकघरातल्या एका फळीवर लहानशा पादुका ठेवल्या होत्या. सकाळी तिथं डब्यांची घाई. मी पूजा नऊला करायला लागलो, सगळे बाहेर पडल्यावर. पहिले काही दिवस चुटपुट लागली, मग गेली. सून निघताना गॅलरीतली चार फुलं वाटीत काढून ठेवायला लागली, मी सांगितलं नव्हतं. आता परत आपल्या घरी आहे. पहाटे पाचला जाग येते आणि बरं वाटतं, हे खरंच. नऊ वाजता मात्र त्या फळीची आठवण येते.