निवड आणि वगळणूक

ग्रंथपालाने वाचकाचा वेळ वाचवावा, असा शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पंचसूत्रीतील चौथ्या सूत्राचा आशय आहे. वरवर पाहता ते निरुपद्रवी वाटते. १९६२ साली बंगळूर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अंतर्गत त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले. विशिष्ट विषय जाणणाऱ्या ग्रंथपालाची जबाबदारी तेथे अभ्यासाचा विषय झाली, आणि त्या सूत्रात दडलेला नैतिक पेचही तिच्यासोबत आला.

वेळ वाचतो तो निवडीमुळे. आणि निवडणे म्हणजे वगळणेही. निरुपयोगी ग्रंथ हाती आला तर वाचक तो परत करील. हाती न आलेल्या ग्रंथाबद्दल तो तक्रार कोणती करणार? शासकीय प्रयोगशाळेतील ग्रंथपाल शेकडो लेखांतून दहा काढून देतो, तेव्हा तो नकळत दुसऱ्याच्या विचाराची सीमा आखत असतो.

मग त्याने विषय जाणूच नये काय? हा युक्तिवाद पोकळ आहे. अजाण ग्रंथपालही वगळतोच, फक्त आंधळेपणाने. (१९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्यापूर्वी स्वतः रंगनाथन गणिताचे अध्यापक होते.)

पेचाचे उत्तर तिसऱ्या सूत्रात शोधावे लागते, कारण ते ग्रंथाची बाजू घेते: न मागितलेल्या ग्रंथालाही वाचक मिळण्याचा हक्क आहे. सार्वजनिक कोषातून वेतन घेणाऱ्यावर हे बंधन अधिकच आहे. संशोधकाला प्रिय असलेल्या सिद्धान्ताविरुद्धचा लेखही त्याला त्या दहांत, शक्यतो वरच, ठेवावा लागतो.