हो म्हणण्याची सोय

अर्धांगवायूनंतर माझा उजवा हात पुन्हा कामाला लावायला ज्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडम येतात, त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही. गंगाखेडात याचं कौतुक होतं: एवढे वयस्कर गुरुजी, पण नातीच्या वयाच्या मुलीचं ऐकतात! मला मात्र आता शंका येते, की हा आज्ञाधारकपणा म्हणजे अंग चोरण्याचाच सभ्य प्रकार आहे.

मॅडम आधी व्यायाम सांगत नाहीत. विचारतात, रोजच्या कामांतलं तुम्हाला स्वतःला काय परत करायचंय? मग त्या कामाला एक ते दहा गुण द्यायचे; आज किती जमतं आणि त्यात समाधान किती. ही पद्धत कॅनडातली, 1991 सालची. जन्मभर पोरांना गुण दिले, स्वतःला द्यायची वेळ आली तेव्हा म्हणालो, "तुम्हीच ठरवा, मॅडम." त्यांनी सदऱ्याची बटणं लावणं लिहिलं. मी मान डोलावली. घरी मी बनियनवरच असतो.

मला हवं होतं ते वेगळंच. पंगतीत चारचौघांसारखी ज्वारीची भाकरी मोडून, कालवून खाता यावी. बोललो असतो तर ते साधण्याची जबाबदारीही अंगावर आली असती. आणखी एक कारण आहे, ते लिहायला लाज वाटते. सूनबाई घास भरवते, ते मला आवडू लागलंय. निवृत्तीनंतर माझ्यापाशी इतका वेळ कुणी बसलंच नव्हतं. हात सुधारला तर ती ताट पुढ्यात ठेवून निघून जाईल. वेचणीच्या दिवसांत कापूस शेतात तिची वाट पाहत असतो, हे माझ्या हिशेबात कधी आलंच नाही.

जाड मुठीचा चमचा मिळाला होता, तो कपाटात आहे. विचारलं की "वापरतो" म्हणतो. मॅडम पुढचा बेत त्यावर आखतात.

या उपचाराची देशातली पहिली शाळा मूळच्या अमेरिकन कमलाबाई निंबकरांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात काढली. माणसाकडून त्याचं काम करवून घेतच त्याला सावरायचं, हा याचा पाया. गोळी असती तर गिळून मोकळा झालो असतो.

पुढच्या खेपेला भाकरीचं सांगणार आहे, चमच्याचंही. सूनबाईच्या घासाचं सांगायचा धीर अजून झालेला नाही.