माशाला टीएमसी कळत नाही

कापूरहोळला महामार्ग सोडून भोरकडे वळलं की पावसाळ्यात बोलणं हमखास धरणांवर येतं. भाटघर किती टक्के झालं? नीरा देवघरातून विसर्ग सुरू झाला का? आकडे तोंडपाठ असतात: भाटघर साधारण 23.5 टीएमसी (अब्ज घनफूट), नीरा देवघर 11.7, वेल्ह्यातलं गुंजवणी पावणेचारच्या आत. या हिशेबात नदी क्वचितच असते आणि मासा तर नसतोच.

माशाला टीएमसी कळत नाही. पाणी कधी आलं, किती ओढीनं आलं आणि कुठं किती खोल आहे, एवढंच त्याला कळतं. मिरगाच्या पावसानं ओढे तांबडे झाले की मासे धारेच्या उलटे निघतात, थेट भातखाचरापर्यंत. चढणीच्या माशांची आपल्याला आठवण राहते ती कालवणाची, पण ते निघालेले असतात अंडी घालायला. खडशी, म्हणजे इथली महसीर, वाळू-गोट्यांच्या तळावर अंडी सोडते; त्यावर गाळ बसला की अंडी गुदमरतात. मळ्या ओठाखालच्या चकतीनं दगडाला चिकटून राहतो, म्हणून त्याला खळाळ लागतो. चैत्र-वैशाखात मात्र सगळ्यांची भिस्त डोहावर.

कर्नल साइक्सनं 1839 मध्ये दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा इथल्या बोलीतलेच शब्द उचलले. खडशीच्या ‘टॉर खुद्री’मधला खुद्री आणि मळ्याच्या ‘गारा मुल्या’मधला मुल्या हे त्यातलेच. लॅटिनच्या घरात आपली बोली सुखरूप आहे. बाजारात मात्र चिलापी आणि कटला.

भाटघरपासून वीर धरणापर्यंत नीरा नदीचं पात्र हाच कालवा, कारण खरे कालवे वीरपासून सुटतात. शेतीसाठी उन्हाळी आवर्तन सोडलं की भर वैशाखात पात्र भरून वाहतं. जूनमध्ये, नेमकं चढणीच्या वेळी, वरचं पहिलं पाणी धरण पोटात घेतं. वर्षाची बेरीज भरपूर, तारखा उलट्या. त्यात आवर्तन एकदम बंद झालं की पाणी झपाट्यानं उतरतं आणि कडेच्या खळग्यांत पिल्लं अडकून पडतात. आवर्तनच नको, असं म्हणायची माझी हिंमत नाही. खालच्या दुष्काळी गावांचं पिणं आणि पीक त्यावर आहे. पण दारं टप्प्याटप्प्यानं मिटली तर कुणाच्या उसाचं काय जातं?

लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून खडशीची पिल्लं तयार होतात. काम मोलाचं, पण पिल्लू सोडल्यानं नदी परत येत नाही. शिवाय हीच खडशी कावेरीत सोडली, तेव्हा तिथल्या मूळच्या महसीरवर तिनं कुरघोडी केली. आपला मासासुद्धा दुसऱ्याच्या नदीत परकाच.

2018 मध्ये वरच्या गंगेसाठी केंद्रानं किमान प्रवाह ठरवला: नोव्हेंबर ते मार्च त्या-त्या महिन्याच्या सरासरीच्या 20 टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे मध्ये 25, जून ते सप्टेंबर 30. टक्के थोडे आहेत यावर वाद घालता येईल. मला त्यातलं वेगळंच पटलं. पाणी मुबलक असतं तेव्हाच नदीचा वाटा मोठा धरलाय. पावसाळ्यात नदीला पाणी कशाला, असं आपल्याकडे सहज विचारतात. मासा त्याच पाण्याची वर्षभर वाट पाहत असतो.

नीरेवर एवढं होईल तेव्हा होईल. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे ढापे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, मात्र मिरगाआधी काढून ठेवता येतात. तांबडं पाणी आलं तेव्हा ते जागेवरच असले, तर चढणीला निघालेला मासा पहिल्याच भिंतीशी उड्या मारत राहतो, आणि तिथं खाली कुणीतरी जाळं धरून उभं असतं.