तिकीट एकाचे, मोल दुसऱ्याचे

परभणीत फेब्रुवारी उजाडला की सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, आणि हिंदू काय, मुसलमान काय, साऱ्या घरांतली पोरे आकाशपाळण्याकडे माना वर करून उभी राहतात. २०२० साली करोना आला आणि गावोगावचे पाळणे थांबले. मग एकच घोळ: उघडावे की नाही? देवळे त्या वर्षीच्या पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली, २०२१ च्या घटस्थापनेला परत उघडली. मनोरंजन उद्यानांना २२ ऑक्टोबर २०२१ पासून परवानगी मिळाली. पाण्याचे खेळ तेवढे वगळून.

दार शासनाने उघडले. पण आत जावे की नाही, हे कोणी ठरवायचे? ‘माझा जीव, माझी मर्जी’ हा न्याय पाळण्यापुरता ठीक. तुटला तर बसणारा पडेल. रोगाचे तसे नाही. तिकीट नातू काढतो आणि मोल कदाचित माजघरात बसलेली आजी देते.

मग बंदच ठेवावे? पाळणेवाल्याचे बिऱ्हाड त्या लोखंडी चाकावरच चालते. चाक थांबले की चूल थांबते. ‘थोडा धीर धरा’ असे त्याला आम्ही पगारी माणसे सांगत होतो. आमचा धीर दर एक तारखेला घरपोच येत होता!

आमच्या नातवाने पाळण्याचा हट्ट धरला, तेव्हा मी म्हटले, “आजीला विचार.”

“जाऊ द्या की लेकराला,” ती म्हणाली, “मी आठ दिवस ओसरीवर जेवीन.”

आजी दुसरे काय म्हणणार होती? त्या होकाराला होकार म्हणावे की नाही, हे मला अजून उमगलेले नाही.