वादळ वळावे म्हणून केलेली प्रार्थना

वादळ आपल्या वाटेवरून टळावे अशी प्रार्थना धर्माला धरून आहे का, हा प्रश्न दर्यावर निघालेल्या माणसाला जितका टोचतो तितका जमिनीवरच्याला टोचत नाही. शेतकरी पाऊस थांबावा म्हणतो तेव्हा ढगांनी कोठे जावे याचा विचार त्याच्या मनात नसतो. चक्रीवादळाची गोष्ट वेगळी. त्याला आज नाव असते, नकाशावर त्याची वाट आखलेली असते, आणि ती वाट थोडी वर किंवा थोडी पश्चिमेला सरकली तर कोणते गाव सापडेल हे प्रवाशाच्या हातातल्या मोबाइलवर दिसत असते. ‘इकडे नको’ म्हणताना ‘तिकडे’ म्हणजे कोठे हे त्याला ठाऊक असते.

सुरतेजवळच्या हजिऱ्याहून दीवला जाणारी रात्रीची क्रूझ २०२१च्या मार्चअखेरीस सुरू झाली. संध्याकाळी हजिरा सोडायचे, खंभातच्या आखाताचे तोंड ओलांडायचे आणि सकाळी दीव बेटाला लागायचे, असा हा प्रवास. त्यानंतर दोन महिने व्हायच्या आत, १७ मे २०२१च्या रात्री, तौक्ते चक्रीवादळ दीव आणि उना यांच्याच परिसरात जमिनीवर चढले. त्याआधी जून २०१९मध्ये ‘वायू’ वादळ वेरावळ आणि दीवच्या रोखाने येत होते. पर्यटकांना किनारा सोडायला सांगितले गेले आणि मग ऐनवेळी वादळ पश्चिमेला वळले. अशा दिवसांत बंदरावर धोक्याचा बावटा चढला की हजिऱ्याच्या धक्क्यावर बॅगा घेऊन उभे असलेले कुटुंब आणि दीवच्या वणकबारा बंदरात होडी वर ओढणारा तांडेल एकच वाक्य बोलतात: देवा, हे वादळ दीववर नको. पहिल्याची सहल बुडेल, दुसऱ्याचे छप्पर आणि होडी जाईल. शब्द तेच असले तरी मागणे एक नाही, आणि धर्मविचाराला ते वेगळे करून पाहावे लागते.

वादळ कोण पाठवतो, याचे उत्तर आधी द्यावे लागते. सांख्यकारिकेची सुरुवातच दुःखाच्या तीन प्रकारांनी होते. गौडपादांच्या भाष्यात थंडी, ऊन, वारा, पाऊस, वीज यांपासून होणारे दुःख आधिदैविक सदरात येते. देवतांच्या, म्हणजे निसर्गशक्तींच्या बाजूने आलेले. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात हेच तीन ताप मांडले, पण मांडणी बदलली. त्यांच्याकडे बाहेरच्या भूतांच्या संयोगाने होणारे क्लेश आधिभौतिकात जातात आणि आधिदैविक ताप म्हणजे मरणानंतरची यमयातना. या फरकाकडे सहसा लक्ष जात नाही, पण त्यातून मोठा निष्कर्ष निघतो. कर्माची शिक्षा मरणानंतरच्या खात्यात गेली की इथल्या वाऱ्यापावसाला शिक्षा म्हणण्याचे कारण उरत नाही. दासबोधाच्या वाचकाने वादळात सापडलेल्या गावाकडे बोट दाखवून ‘यांचे पाप भोवले’ म्हणणे या मांडणीशी जुळत नाही.

लोकमानस मात्र असे थांबत नाही. घरोघरी वाचली जाणारी सत्यनारायणाची कथा घ्या. साधुवाणी नवस बोलतो, विसरतो, आणि संकटात सापडतो. पुढे त्याची मुलगी कलावती नवऱ्याला भेटायच्या घाईत प्रसाद टाकून धावते आणि किनाऱ्याला लागलेली नाव नवऱ्यासकट दिसेनाशी होते. प्रसाद घेतल्यावर ती पुन्हा वर येते. कथेत नाव बुडणे हा देवाचा थेट संदेश आहे, आणि तो कोणाला उद्देशून आहे तेही स्पष्ट आहे. व्रतकथा म्हणून ती आपले काम चोख करते: दिलेला शब्द पाळावा हे मनावर ठसवते. पण शेकडो उतारूंच्या जहाजाला हा हिशेब लावला की तो मोडतो, कारण एका माणसाच्या चुकीसाठी बाकीच्यांनी का बुडावे याचे उत्तर त्या कथेत नाही. तिथे नाव एका घराची आहे. सुरतेच्या दर्यावर्दी व्यापारात मोठा वाटा असलेल्या जैन पेढ्यांची श्रद्धा या बाबतीत अधिक कठोर आणि अधिक स्वच्छ होती. जैन दर्शनात जग चालवणारा, वारा वळवणारा ईश्वरच नाही; तीर्थंकराची पूजा होते ती त्याने वादळ थांबवावे म्हणून नव्हे. तरीही जैन सावकारांची जहाजे समुद्रावर गेली आणि त्यांनाही भीती वाटली असेलच. भीतीला तत्त्वज्ञानाची परवानगी लागत नाही.

सुरत हे मोगल काळात हजचे बंदर होते; त्याला मक्केचे द्वार म्हणत. त्यामुळे समुद्राच्या धोक्याचा प्रश्न इथे फार आधीपासून शास्त्रार्थाचा विषय झाला. हज फर्ज आहे, पण ‘जो जाऊ शकतो’ त्याच्यावर. त्या शक्यतेत पैसा आणि प्रकृती येते, तसाच वाटेचा सुखरूपपणाही येतो. समुद्रमार्गाने सुखरूप पोहोचण्याची शक्यता अधिक असेल तरच कर्तव्य बंधनकारक, असे अनेक हनफी धर्मशास्त्री मानत आले. अकबराच्या काळात मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी तर हज हिंदुस्थानातल्या मुसलमानांवर बंधनकारक नाही, असा निर्वाळा दिला होता. समुद्रावर पोर्तुगीजांचे परवाने घ्यावे लागतात आणि खुष्कीच्या वाटेवर शिया इराण आहे, अशी कारणे त्यांनी दिल्याचे इतिहासकार बदायुनी नोंदवतो. त्याच काळात बाबराची मुलगी गुलबदन बेगम सुरतेहून हजला गेली. परतीच्या वाटेवर एडनजवळ जहाज फुटले आणि तिला तिथे दीर्घकाळ अडकून पडावे लागले. निर्वाळा आणि बेगम दोघेही धर्माच्या चौकटीतच होते. धोका दिसत असताना माघार घेणे ही श्रद्धेची उणीव ठरत नाही, हे त्या शास्त्रार्थाने मान्य केले होते, आणि सहलीच्या तिकिटासाठी कप्तानाशी हुज्जत घालणाऱ्या आजच्या प्रवाशाला ते सांगण्यासारखे आहे. जिथे फर्जसुद्धा समुद्रापुढे थांबते तिथे सुट्टीचे काय.

आता मूळ मागण्याकडे. संकट दुसरीकडे जावे असे मागणे सर्वच परंपरांना अवघड वाटले आहे. ज्यू धर्माच्या मिश्ना या ग्रंथात एक उदाहरण येते: गावाकडे येणाऱ्या माणसाला आक्रोश ऐकू येतो आणि तो म्हणतो, हा आवाज माझ्या घरातला नसावा. ही प्रार्थना व्यर्थ, असे मिश्ना सांगते, कारण जे घडायचे ते घडून गेले आहे. तालमुद या ज्यू धर्मग्रंथात यरुशलेमच्या मुख्य पुरोहिताची वर्षातून एकदाची प्रार्थना दिली आहे. तीत तो देवाला विनवतो की जगाला पावसाची गरज असताना वाटसरूंच्या प्रार्थनांना आत येऊ देऊ नकोस. वाटसरू ओला होतो म्हणून तो पाऊस नको म्हणतो. शेत त्याच पावसाची वाट पाहत असते. प्रवाशाची प्रार्थना मनापासूनची असते, म्हणूनच ती धोक्याची, हे ओळखणारा हा पुरोहित फार शहाणा होता. लगेच पुढे तालमुद हनिना बेन दोसा या सत्पुरुषाची गोष्ट सांगते. तो पावसात सापडला आणि म्हणाला, सगळे जग सुखात आहे आणि हनिना मात्र हालात. पाऊस थांबला. घरी पोहोचल्यावर तो म्हणाला, आता हनिना सुखात आणि जग हालात. पाऊस पुन्हा सुरू झाला. आपल्यासाठी मागितलेले त्याने स्वतःच परत केले, आणि या गोष्टीतला खरा थोरपणा त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

इस्लामी परंपरेतली कथा याहून नेमकी आहे. मदिनेत दुष्काळ पडला, पैगंबरांनी पावसासाठी प्रार्थना केली आणि आठवडाभर पाऊस कोसळला. पुढच्या शुक्रवारी घरे पडू लागल्याची तक्रार आली. तेव्हा त्यांनी पाऊस आमच्या भोवती पडो, आमच्यावर नको, असे मागितले, आणि भोवती म्हणजे कोठे तेही सांगितले: टेकड्यांवर, दऱ्यांत, झाडे उगवतात तिथे. ही प्रार्थना पाऊस वळवते, पण शेजारच्या गावावर नाही. जिथे त्याच पाण्याचा उपयोग होईल तिथे पाठवते. दीवच्या किनाऱ्यावरून वादळ वळावे असे म्हणणाऱ्याला याच धर्तीवर म्हणता येईल की ते समुद्रातच विरून जावो. ते वेरावळला जावो असे म्हणायला मात्र कोणतीही परंपरा त्याला मुभा देत नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेवांनी मागितलेल्या पसायदानातही मागणे सगळ्यांसाठी आहे. त्यात आपल्या गावापुरती सीमा आखलेली नाही.

प्रत्यक्षात वादळे कधीकधी समुद्रात विरतातही, पण तोवर त्यांनी काय केलेले असते ते पाहावे लागते. डिसेंबर २०१७मध्ये ओखी चक्रीवादळ सुरतेच्या दिशेने निघाले होते. विधानसभा निवडणुकीचा प्रचार ऐन रंगात होता, सभा रद्द झाल्या, शहर वाट पाहत बसले. ५ डिसेंबरला वादळ किनाऱ्याआधीच क्षीण झाले आणि सुरतेने सुटकेचा श्वास सोडला. पण हेच ओखी नोव्हेंबरअखेरीस कन्याकुमारी आणि दक्षिण केरळच्या समुद्रातून आले होते, आणि तिथले शेकडो मच्छीमार गेले किंवा बेपत्ता झाले. ‘देवाने सुरतेला वाचवले’ या वाक्याचा केरळातल्या विळिंजमच्या कोळिणीने काय अर्थ घ्यावा? कृतज्ञता खरीच आहे. जो वाचला त्याने हात जोडू नयेत असे कोणी म्हणणार नाही. पण कृतज्ञता जेव्हा स्पष्टीकरण होऊ लागते, आम्ही वाचलो कारण आमची पुण्याई, तेव्हा ती मेलेल्यांवर आरोप करते. हात जोडावेत, कारण सांगू नये.

कारण सांगण्याची ही ओढ किती प्रबळ असते ते वैतरणा आगबोटीच्या आठवणींत दिसते. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. नोव्हेंबर १८८८मध्ये ती कच्छच्या मांडवीहून निघाली, द्वारकेला आणखी उतारू घेतले, आणि खराब हवेमुळे पोरबंदरला न थांबता मुंबईकडे गेली. ती पुन्हा दिसली नाही. सातशेहून अधिक माणसे होती. पोरबंदरला चढायचे म्हणून आलेले किनाऱ्यावरच राहिले, म्हणजे बंदर चुकल्याने ते वाचले. जहाजावरच्यांना तेच बंदर लाभले नाही. लोककथेत पोरबंदरच्या प्रशासकाने कप्तान हाजी कासमला पुढे जाऊ नकोस असे बजावले होते आणि त्याने ऐकले नाही. जहाज तिथे थांबलेच नव्हते, तर ही भेट झाली कधी? तरीही कथा टिकली, गुजरातीत गाणी झाली, १९५४ साली गुणवंतराय आचार्यांची कादंबरी आली. इतकी माणसे विनाकारण गेली हे मनाला पेलत नाही, म्हणून एक अवज्ञा शोधावी लागते. साधुवाण्याच्या कथेची हीच रीत आहे, फक्त इथे प्रसादाच्या जागी प्रशासकाचा इशारा आला आहे.

हिंदू पुराणकथांनी या प्रश्नाला दोन ठिकाणी हात घातला आहे, आणि दोन्ही ठिकाणी कृष्ण आहे. गोकुळावर इंद्र प्रलयासारखा पाऊस पाडतो तेव्हा कृष्ण तो पाऊस दुसऱ्या गावावर ढकलत नाही. तो गोवर्धन उचलतो आणि गोपगोपी, गाईवासरे सगळ्यांना खाली घेतो. पाऊस पडायचा तेवढा पडतोच. दुसरी जागा महाभारताच्या मौसलपर्वात आहे. द्वारका बुडणार आहे आणि ती स्वतः कृष्णाची नगरी असूनही समुद्र मागे हटवला जात नाही. अर्जुन येतो, सातव्या दिवशी सूर्योदयाला निघायचे असे लोकांना सांगतो, आणि बायका, मुले, म्हातारी माणसे घेऊन बाहेर पडतो. लोक निघत जातात तसतसा समुद्र मागची जमीन भरत जातो. देवाचे गाव वाचत नाही. त्यातली माणसे हलवली जातात.

जून २०२३मध्ये बिपरजॉय वादळ येत असताना द्वारकेच्या जगत मंदिरावर दोन ध्वजा फडकत होत्या. संकट टळावे अशी त्यामागची श्रद्धा. १५ जूनला मंदिर दर्शनासाठी बंद ठेवले गेले. त्याच दिवसांत गुजरातच्या किनारपट्टीवरून सुमारे एक लाख लोकांना सुरक्षित जागी नेले गेले, आणि वादळ कच्छमध्ये जखौजवळ जमिनीवर आले. ध्वजा चढवणारे आणि माणसे हलवणारे एकमेकांच्या विरोधात नव्हते, कित्येकदा ती माणसेही तीच होती. ओखीच्या वेळी कोकणात घडले तेही याच जातीचे. २ डिसेंबर २०१७च्या सुमारास केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ होड्या ९५२ मच्छीमारांसह भरकटत सिंधुदुर्गात देवगडच्या आसऱ्याला आल्या. वादळ तेव्हा उत्तरेकडे सरकत होते आणि कोकणावर त्याची छाया होतीच. ते आपल्यावर येऊ नये असे देवगडकरांनाही वाटलेच असणार. धक्क्यावर आलेल्या परक्या होड्यांना त्यांनी जागा दिली आणि त्या माणसांच्या राहण्याजेवण्याची सोय झाली.