प्रयोगशाळेंतील श्रमविभाग

प्रयोगशाळेंत उपकरण कोणीं हाताळावें व टांचण कोणीं लिहावें, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. वस्तुतः तो न्यायाचा आहे. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पदार्थविज्ञानवर्गांविषयीं २०२० सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. जेथें प्रयोगाची आंखणी विद्यार्थ्यांवर सोपविली होती, तेथें तरुण व तरुणी यांच्या वांट्यास निरनिराळीं कामें आलीं. जेथें प्रत्येक पायरी नेमून दिली होती, तेथें असा भेद आढळला नाहीं. पुढें विद्यार्थ्यांच्या आवडीनिवडींचीही विचारपूस झाली; तींतूनही त्याचा उलगडा होईना.

सक्ती नव्हती, मग अन्याय कोठला, असें कांहीं सज्जन विचारतील. आमच्या मतें हा हेत्वाभास होय. आज्ञा उठली कीं माणूस मोकळा होतो असें नव्हे. रिकाम्या गादीवर रूढि मुकाट्यानें येऊन बसते. गटाचा अहवाल एकच असतो, म्हणून हानि दिसत नाहीं. परंतु ज्याचा हात यंत्रास लागला नाहीं, त्याच्या अंगीं ती विद्या उतरत नाहीं.

मग जुनी कवाईत पुन्हां आणावी काय? आम्ही तसें म्हणत नाहीं. आंखणीचें स्वातंत्र्य राहूं द्यावें, मात्र कामांची पाळी फिरवावी. यानें एखाद्याच्या आवडीस मुरड पडेल, हें खरें. पण आवड ठरण्यापूर्वीं यंत्र एकदां तरी हातीं आलें पाहिजे.