नजर हटवायची कुणी?

संध्याकाळच्या बोरिवली फास्टमध्ये माणसं एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत उभी असतात, तरी कुणी कुणाकडे बघत नाही. बाकांवर गुडघ्याला गुडघे लागलेले, चौथ्या सीटवरचा अर्धा हवेत, आणि नजरा मात्र मोबाइलवर, इंडिकेटरवर, नाहीतर टक्कल घालवणाऱ्या जाहिरातीवर. गावाकडून आलेल्या पाहुण्याला हा कोरडेपणा वाटतो. मला ती मुंबईची सभ्यता वाटते. अंगानं राखता येत नाही ते अंतर इथे डोळ्यांनी राखतात.

ही सभ्यता फार जुनी नाही. बस, ट्राम, आगगाडी येण्याआधी माणसांवर अनोळख्यासमोर मुकाट्यानं मिनिटंच काय, तासन्‌तास बसायची वेळच आली नव्हती, असं गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञानं १९०८ साली लिहून ठेवलं. आपल्याकडे ती वेळ १६ एप्रिल १८५३ रोजी आली. बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली ती पहिली गाडी आजच्या घाटकोपर-मुलुंडवरूनच गेली. गावात परक्या माणसाकडे टक लावून बघणं हा चौकशीचा पहिला भाग असतो. बघून झालं की पारावरचा म्हातारा विचारतो, कुठनं आलात, कुणाकडे जायचंय? लोकलच्या डब्यात हा दुसरा भाग गळून पडला. मागे उरली नुसती टक, आणि ती टोचते.

इंग्रजीत अशा बघण्याला ‘स्टेअर’ म्हणतात. या शब्दाचं मूळ अभ्यासक ताठ, ताठर अशा अर्थाच्या जुन्या धातूत शोधतात. जर्मन भाषेत ‘श्टार’ म्हणजे आजही ताठर. ‘गेझ’मध्ये कौतुक मावतं, प्रेमही मावतं, ‘स्टेअर’मध्ये तो ताठा राहतोच. मराठीनं याहून बारीक भेद केला आहे. टक लागते आणि टक लावतात. आईच्या खांद्यावरून मागच्या बाईच्या टिकलीकडे बघणाऱ्या तान्ह्याची टक लागलेली असते, तिचा राग कुणालाच येत नाही. टक लागणं मोठ्यांच्या बाबतीतही होतं, दिवसभर दमलेला माणूस कुठेतरी शून्यात बघत असतो आणि त्या शून्याच्या जागी नेमकं कुणीतरी बसलेलं असतं. भानावर आला की तो ओशाळतो. लावलेली टक ओशाळत नाही. समोरची अस्वस्थ झाली, तिनं ओढणी सावरली, तोंड फिरवलं, हे सगळं दिसूनही जी हटत नाही ती टक. तिथून पुढे ते बघणं राहत नाही, दांडगाई होते.

पण नजर हटवायचं काम आपण दिलं कुणाला? ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेनं चर्चगेट-बोरिवली अशी अख्खी गाडीच बायकांसाठी सोडली. सोय मोठीच झाली, त्या गाडीनं किती जणींची नोकरी टिकवली असेल! तरी त्या सोयीत एक कबुली आहेच. पुरुषांच्या नजरेला वळण लावण्यापेक्षा बायकांना वेगळ्या गाडीत बसवणं सोपं वाटलं. जनरल डब्यात चढलेली बाई बॅग छातीशी धरते, काही वाजत नसलेले इअरफोन कानात घालते, उगाच फोनवर बोलते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकात हेच दाखवलं, की मुंबईत बाहेर असायचं तर बाईला आपण कामाला निघालोय हे सतत दाखवावं लागतं. तिच्याकडे बघत बसणाऱ्याला काम विचारत नाही कुणी.

कायदा इथे फारसा पोचत नाही. २०१३ च्या दुरुस्तीनं पाठलाग आणि चोरून बघणं हे स्वतंत्र गुन्हे ठरले, पण भर गर्दीत उघडपणे रोखलेली नजर त्यांत सहज बसत नाही. २०१६ मध्ये केरळच्या उत्पादन शुल्क आयुक्तांनी, बाईकडे चौदा सेकंद टक लावली तर गुन्हा दाखल होऊ शकतो, असं विधान केलं. तसं कलमच नव्हतं, त्यामुळे खूप हसं झालं. हसू मलाही आलं, पण सेकंद मोजण्याचं. तक्रार खोटी नव्हती.

लंडनच्या वाहतूक यंत्रणेनं घड्याळाचा नाद सोडला. लैंगिक हेतूनं रोखून बघणं हा लैंगिक छळ आहे, असं सांगणारी पोस्टर्स तिनं भुयारी रेल्वेत सरळ लावली. आपल्या लोकलमध्ये थुंकू नका, दारात लटकू नका, बेवारस वस्तूला हात लावू नका, असं सगळं बजावून सांगतात. त्या सूचनांच्या शेजारी ही एक पाटीही साध्या मराठीत लागावी, आणि रेल्वेनं ती महिलांच्या डब्यात न लावता जनरल डब्यात लावावी.